मोडी : गुपिताची नव्हे, घाईची लिपी

१/ ‘मोडी ही मराठ्यांची गुप्त लिपी होती, शत्रूला वाचता येऊ नये म्हणून ती मुद्दाम क्लिष्ट केली,’ असे विधान समाजमाध्यमांवर वारंवार आणि मोठ्या अभिमानाने केले जाते. अभिमान रास्त आहे. विधान मात्र निराधार आहे.

२/ गुप्त लिपी मूठभरांनाच ठाऊक असते. मोडी गावच्या कुलकर्ण्याला येत होती, सावकाराला येत होती, फडावरच्या कारकुनाला येत होती. सारावसुलीचे हिशेब, कर्जरोखे, निवाडे, सामानाच्या याद्या, सारे तिच्यातच. तंजावरच्या मराठा दरबाराचे दफ्तरही मोडीतच आहे. डाळ-तांदळाचा खर्च कोणत्या शत्रूपासून लपवायचा होता?

३/ खरे गुपित बहुधा कागदावर उतरतच नसे. ‘बाकीचे तोंडी कळेल’ अशा आशयाचा मजकूर जुन्या पत्रांत पुन्हा पुन्हा भेटतो. गुपित माणसाच्या जिभेवर असे, लिपीच्या वळणात नव्हे.

४/ मोडीचे मर्म लिहिणाऱ्याच्या हातात आहे. तिरका काप दिलेला बोरू, काजळ व डिंकाची शाई, घोटून गुळगुळीत केलेला हातकागद. बालबोधीत अक्षरागणिक हात उचलावा लागतो. मोडीत ओळभर रेघ आधीच ओढून ठेवतात आणि तिच्याखाली अक्षरे एकमेकांत गुंफत जातात. ऱ्हस्व-दीर्घाचा काच नाही, शब्दांत अंतर नाही, विरामचिन्हे नाहीत. हात थांबतो तो मुख्यतः शाईसाठी.

५/ यावर आक्षेप येईल : पोथ्याही बोरूनेच लिहिल्या जात, मग त्या बालबोधीत का? कारण साधन एक असले तरी काम निराळे होते. पोथी सावकाश लिहायची आणि पिढ्यान्‌पिढ्या वाचायची. पत्र मात्र स्वार निघण्यापूर्वी पुरे व्हायला हवे. बोरू आणि घाई एकत्र आली, तेथे मोडी रुळली.

६/ ‘इंग्रजांनी आकसाने मोडी मारली,’ हेही अर्धसत्यच. श्रीरामपूरच्या छापखान्यात विल्यम कॅरीचा मराठी कोश १८१० मध्ये मोडी खिळ्यांनीच छापला गेला. पण सुटे खिळे जुळवताना हात न उचलण्याचा लाभ उरतो कोठे? छापखान्यात मोडीचे बळच निरुपयोगी ठरले. १९१७ मध्ये मुंबई सरकारने कारभारासाठी बालबोधी ठरवली, तेव्हा छापील मराठी केव्हाच तिच्यात स्थिरावली होती.

७/ मग या दंतकथेने बिघडते काय? पुष्कळ. गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली १९३० नंतर पेशवे दफ्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड निघाले, ते निवडकच. पुण्याच्या पुराभिलेखागारातील प्रचंड साठा आजही वाचकांची वाट पाहत आहे. ‘गुप्त’ म्हटले की लिपी देव्हाऱ्यात बसते आणि तरुण दुरूनच नमस्कार करून निघून जातो.

८/ मोडी गूढ नाही. ती कामकऱ्यांची लिपी आहे, आणि जी सामान्य कारकून शिकू शकला, ती आजचा विद्यार्थीही शिकू शकतो. तिचा गौरव करायचा असेल, तर तिच्यातला एक कागद वाचावा.