कहूची साल घ्या, पण गोळी सोडू नका

शेतकरी बंधूंनो, नाल्याकाठचा कहू आपण सारे ओळखतो. पुस्तकात त्याला अर्जुन म्हणतात. भिवापूर भागात तो पाण्याच्या कडेने उभा असतो. घरी कुणाची छाती धडधडली की म्हातारी माणसं त्याची साल दुधात उकळून देत. आता तीच साल डबीत, कॅप्सुलात भरून विकली जाते आणि मोबाईलवर जाहिरात येते, 'ब्लॉकेज साफ, ऑपरेशन टळले'. ती पाहून एखादा म्हणतो, "आता बीपीची गोळी काहाले खाऊ?" खरा धोका इथेच आहे.

साल थोतांड नाही. २००२ साली इंदूरच्या डॉक्टरांनी चालताना छातीत दुखणाऱ्या ५८ रुग्णांना सालीचा अर्क ५०० मिलिग्रॅम दिवसातून तीनदा, आठवडाभर दिला. त्यांचे दुखणे कमी झाले. पण दिल्लीच्या एम्समधील चाचणी २०१६ साली प्रसिद्ध झाली, तीही बघा. हृदय कमजोर झालेल्या १०० रुग्णांवर ती झाली. निम्म्यांना १२ आठवडे अर्क, निम्म्यांना नुसती दिखाऊ गोळी. हृदयाची रक्त ढकलण्याची ताकद अर्काने वाढली नाही. काहींना हालचालीत थोडा आराम पडला, एवढंच. आणि या साऱ्यांच्या नेहमीच्या गोळ्या सुरूच होत्या. म्हणजे साल जोडीला चालेल, गोळीच्या जागी नाही. नळीतला अडथळा काढ्याने धुऊन निघतो, याला पुरावा नाही.

गोळी बंद केल्यावर दोन-चार दिवस काही होत नाही, म्हणून माणूस फसतो. बीपी आवाज न करता चढतो. आणि बीपीची किंवा रक्त पातळ करायची गोळी चालू असताना काढाही घेत असाल, तर डॉक्टरला तसं सांगा. लपवू नका, ते रागावले तरी चालेल. पोटुशी बाई आणि अंगावर पाजणारी आई यांनी स्वतःच्या मनाने घेऊच नये.

छातीवर दगड ठेवल्यासारखा दाब, हात किंवा जबड्यात कळ, दरदरून घाम, असं झालं तर काढा उकळत बसू नका. १०८ ला फोन लावा. त्या वेळी एकेक मिनिट मोलाचं असतं. साखरेच्या रोग्याला कधी कधी दुखतही नाही, नुसता दम लागतो.

विकत घेताना भुकटी घेऊ नका. भुकटीत काय आहे ते कोण सांगणार? ऐनाची सालही कहूची म्हणून खपते. कहूची साल बाहेरून गुळगुळीत, पांढुरकी असते, आतून लालसर. ऐनाची काळपट आणि मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली. डबी घ्यायचीच असेल तर परवाना क्रमांक, बॅच, तारीख आणि कारखान्याचा पत्ता छापला आहे का ते पहा.

सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी एक लक्षात ठेवावे. हृदयरोग, रक्तदाब, मधुमेह बरा करतो अशी औषधाची जाहिरात करणे १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरात कायद्याने गुन्हा आहे. गावात असा भोंगा फिरला किंवा पत्रक वाटले गेले, तर ते जपून ठेवून अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार द्यावी.

झाडाचेही बघा. खोडाभोवती गोल साल काढली की कहू मरतो. पानात तयार झालेले अन्न आतल्या सालीतून मुळांकडे जाते, ती वाटच तुटते. म्हणून खोडाच्या समोरासमोरच्या बाजूंची फक्त बाहेरची साल काढावी, आतली लाल साल तशीच ठेवावी, आणि जखम भरेपर्यंत त्याच झाडाला पुन्हा हात लावू नये. भंडारा-गडचिरोलीकडे याच झाडावर कोसा पिकतो, हेही कुऱ्हाड घेताना आठवावं.