कॅमेरा झाला, कारखाना का नाही झाला?

दर ३ जूनला, म्हणजे बाबूराव पेंटरांच्या जयंतीला, आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड येऊन पडतो. कोल्हापूरच्या मराठी माणसाने स्वदेशी सिनेकॅमेरा बनवला, अभिमान बाळगा, पुढे पाठवा. खाली चार झेंडे, सहा नमस्कार. चाळीस इंजिनिअर लोकांचा ग्रुप आहे हो! पण आजवर एकानेही विचारलं नाही, की बाबांनो, त्या कॅमेऱ्यात फिल्म पुढे सरकायची कशी?

माझं भांडण आहे ते या फुकटच्या अभिमानाशी. कॅमेरा बनवणाऱ्यांशी नाही, त्यांच्यापुढे तर साष्टांग. पण आपण त्या कॅमेऱ्याचा देव्हारा केला आणि त्यातलं इंजिनिअरिंग देव्हाऱ्याबाहेर चपलांजवळ ठेवलं.

आधी झालं काय ते सांगतो. आनंदराव आणि बाबूराव मेस्त्री हे दोघे चुलतभाऊ, नाटक कंपन्यांचे पडदे रंगवणारे, म्हणून आडनावाच्या जागी 'पेंटर' चिकटलं ते कायमचं. १९१३ साली फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' आला आणि या दोघांना सिनेमाचं वेड लागलं. पैसे मिळवायला ते सिनेमे दाखवण्याच्या धंद्यात शिरले आणि एकीकडे स्वतःचा कॅमेरा जुळवायला बसले. १९१६ साली आनंदराव वारले, ऐन तारुण्यात, कॅमेरा अर्धवट टाकून. मग बाबूराव आणि त्यांचे शिष्य विष्णुपंत दामले यांनी तो १९१८ मध्ये चालू करून दाखवला. तानीबाई कागलकर या गायिकेने कर्ज दिलं, महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली आणि १९२० मध्ये 'सैरंध्री' पडद्यावर आला.

आता 'कॅमेरा जुळवला' हे दोन शब्द किती सहज लिहिले जातात बघा. सिनेकॅमेरा म्हणजे काही भोक पाडलेली पेटी नव्हे. ३५ मिलिमीटरची फिल्म, प्रत्येक चित्रामागे दोन्ही कडांना चार-चार छिद्रं. सेकंदाला साधारण सोळा वेळा ती फिल्म खाली ओढायची, थांबवायची, थांबलेली असतानाच झडप उघडायची, मिटायची, पुन्हा ओढायची. फिल्म सरकत असताना झडप उघडली की चित्र फरफटलं. फिल्म दर वेळी नेमक्या त्याच जागी थांबली नाही, तर पडद्यावर राजवाडा थरथरतो. आणि हे सगळं हाताने हँडल फिरवून! दात्यांच्या चाकांत केसभर खोट असली तरी ती पडद्यावर कित्येक पट मोठी होऊन दिसते. प्रोजेक्टरमध्येही हीच ओढ-थांब यंत्रणा असते. सिनेमे दाखवता दाखवता तिच्याशी यांची रोजची गाठ पडत होती. आजच्या भाषेत सांगायचं तर डॉक्युमेंटेशन शून्य, ना कोणता कोर्स, ना कोणाला विचारायची सोय. आणि डिप्लोमा-डिग्री तर तिघांपैकी कोणाकडेच नव्हती. (आमच्या ग्रुपवर चाळीस डिग्र्या आहेत. असो.)

इतकं जमलेल्या माणसांच्या हातून कॅमेऱ्यांची कंपनी का उभी राहिली नाही? हा प्रश्न फॉरवर्डमध्ये कधीच नसतो.

लगेच कोणीतरी म्हणेल, "इंग्रजांचं राज्य होतं रे, त्यांनी होऊ दिलं नसतं." थांबा जरा. फाळक्यांनी १९१२ मध्ये लंडनहून जो कॅमेरा आणला तो विल्यमसन कंपनीचा. हा जेम्स विल्यमसन कोण? इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर होव्ह नावाचं छोटं गाव, तिथला औषधांचा दुकानदार. फोटोग्राफीचा नाद, त्यातून सिनेमाचा नाद. स्वतःच्या पोरांना घेऊन छोटे छोटे सिनेमे काढायचा. १९०१ च्या 'द बिग स्वॉलो' मध्ये एक माणूस चक्क कॅमेराच गिळतो! म्हणजे सुरुवात आपल्या पेंटर बंधूंसारखीच, घरगुती आणि वेडाची. फरक पुढे पडला. १९१० च्या सुमारास विल्यमसनने सिनेमे काढणं सोडलं आणि यंत्रं करून विकायचं ठरवलं. मुलं धंद्यात आली. विमानातून फोटो घेणारे कॅमेरे त्यांनी केले आणि दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश लढाऊ विमानांवर त्यांचा जी-४५ हा गन कॅमेरा बसलेला होता. औषधाच्या दुकानापासून तिथपर्यंत.

विल्यमसन पेंटरांपेक्षा हुशार होता का? मला नाही वाटत. त्याला शेजार चांगला होता. जवळच ब्रायटनला आल्फ्रेड डार्लिंग नावाचा कारागीर सिनेमावाल्यांसाठी यंत्रं बनवायचा. दोन पावलांवर लेथ, चार पावलांवर गिऱ्हाईक.

आणि आपल्याकडे शेजार नव्हता असं समजू नका, माझी खरी चिडचिड इथेच होते. मिरज-पुणे रेल्वेमार्गावर किर्लोस्करवाडी १९१० पासून उभी होती. लोखंड ओतणारी, नांगर घडवणारी. लोखंडी नांगर घ्यायला शेतकरी आधी बिचकत होते, तरी लक्ष्मणराव नांगर करत राहिले आणि विकत राहिले. त्याच मार्गावर कराडजवळ ओगलेवाडी. ओगले बंधूंचा काच कारखाना १९१६ चा, म्हणजे आनंदराव गेले त्याच वर्षीचा. पुढे त्यांचा 'प्रभाकर' कंदील गावोगावी पोचला. कोल्हापुरात कॅमेरा, वर लोखंड, त्याच्या वर काच. तिन्ही घरच्या माणसांनी सुरू केलेले उद्योग, जेमतेम शंभर किलोमीटरच्या टापूत, एकाच दशकात. आणि या तिघांना जोडणारा एकही धागा निघाला नाही.

कंदिलाच्या काचेतून लेन्स होत नाही हे मलाही कळतं. लेन्सची काच आतून एकसारखी लागते. एकही बुडबुडा नको, साखरेच्या पाकात दिसते तशी एकही रेघ नको. वितळलेली काच फार हळूहळू निववावी लागते, नाहीतर आत ताण राहतो आणि प्रकाश वाकडा जातो. जर्मनीत येना गावी झाइस बापलेक, आबे आणि शॉट यांनी १८८४ मध्ये त्यासाठी वेगळी प्रयोगशाळाच काढली होती. पहिल्या महायुद्धात जर्मन माल बंद झाल्यावर खुद्द ब्रिटनला अशा काचेची चणचण पडली. आपल्याकडे कोलकात्याची सेंट्रल ग्लास अँड सिरॅमिक रिसर्च इन्स्टिट्यूट १९५० ची, आणि ऑप्टिकल काच त्यानंतरची. म्हणजे १९१८ साली लेन्स बाहेरचीच लागणार होती. लागू दे की! लेन्स एकाची, पेटी दुसऱ्याची, असा कॅमेऱ्याचा धंदा जगभर चालायचा. पेटी आणि यंत्रणा आपली जमली होती, आणि अवघड भागांपैकी एक तोच.

मग अडलं कुठे? माझं मत स्पष्ट आहे. आपल्याला वस्तू बनवणाऱ्याचा सत्कार करता येतो, त्याच्याकडून वस्तू विकत घेता येत नाही.

हे मी पुस्तक वाचून सांगत नाहीये. आमच्या किन्हीराजात (तालुका मालेगाव, जिल्हा वाशीम. नाशिककडचं मालेगाव नव्हे, हे पुण्यात दर वेळी सांगावं लागतं) एक वेल्डिंगवाले काका आहेत. सायकलचं चाक आणि भंगारातला पत्रा घेऊन त्यांनी सोयाबीन टोकायचं यंत्र केलं. चांगलं चालतं, मी स्वतः दोन ओळी टोकून पाहिल्या. पेपरात फोटो आला, सत्कार झाला, शाल-श्रीफळ झालं, भाषणात 'ग्रामीण भागातील टॅलेंट' वगैरे झालं. गेल्या दिवाळीत मी विचारलं, "काका, मग किती विकले?" तर म्हणाले, "शाल भेटली बाप्पा, पन दुसरं यंत्र कोन घेईन?" भाषण करणाऱ्यांपैकी दोघांचं स्वतःचं सोयाबीन आहे. त्यांनी यंत्र आणलं ते कंपनीचं, सबसिडीवर.

पहिलं यंत्र वेडापायी होतं. दुसरं गिऱ्हाइकापायी होतं. दहावं करायला मोजमापाचे नकाशे लागतात, एकाचा भाग दुसऱ्याला बसावा लागतो, मोडलं तर दुरुस्तीला माणूस धाडावा लागतो. आमच्या सॉफ्टवेअरवाल्यांना हे सांगायला नको. डेमो चालला की टाळ्या, आणि खरं काम सुरू होतं ते टाळ्या थांबल्यावर.

"पण तेव्हा सिनेकॅमेरे घेणार तरी कोण होतं?" हा आक्षेप मात्र खरा आहे, तो मी उडवून लावणार नाही. १९१८ साली देशात चित्रपट काढणारे मोजकेच. पेंटरांनाही विकायला कॅमेरा नको होता, सिनेमा काढायला हवा होता. ते चित्रकार, त्यांना चित्र खुणावत होतं, आणि त्यांनी ते काढलंही. १९२३ चा 'सिंहगड', १९२५ चा 'सावकारी पाश'. त्यांना दोष द्यायचा प्रश्नच येत नाही. पण पुढच्या दहा-पंधरा वर्षांत मुंबई-पुणे-कोल्हापुरात स्टुडिओ उभे राहिले, गिऱ्हाईक दारात आलं. तोवर कॅमेरा करणारे हात दुसऱ्याच कामाला लागले होते.

विष्णुपंत दामल्यांचंच बघा. १९२९ मध्ये ते 'प्रभात'च्या संस्थापकांपैकी एक झाले, बोलपट आल्यावर त्यांनी ध्वनिमुद्रण हातात घेतलं. पण आपण त्यांना ओळखतो ते १९३६ च्या 'संत तुकाराम'चे दिग्दर्शक म्हणून, फत्तेलालांच्या जोडीने. यंत्राशी झटणारे दामले त्या नावाखाली झाकले गेले. आणि आनंदराव? ग्रुपवर विचारून बघा कोणाला नाव माहीत आहे का. मी विचारलं होतं. उत्तर आलं, "आनंदराव कोण, तो कॉमेडीवाला का?"

कोल्हापुरात खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा मानस्तंभ आहे. जयंतीला हार पडतात, चांगलंच आहे. पण कोल्हापूर म्हणजे फौंड्र्यांचं आणि लेथचं गाव. तिथल्या एखाद्या इंजिनिअरिंग कॉलेजने शेवटच्या वर्षाच्या पोरांना एवढाच प्रोजेक्ट द्यावा: हाताने फिरवायचा ३५ मिलिमीटरचा सिनेकॅमेरा, मोजमापाच्या नकाशांसकट. आणि तो एकच करून चालणार नाही. दोन करायचे, आणि एकाचा कोणताही भाग काढून दुसऱ्यात बसवून दाखवायचा. भाग बसला तरच मार्क.