रिकाम्या सभागृहाची सवय

पिंपरी-चिंचवड महापालिकेतल्या 128 नगरसेवकांची मुदत 13 मार्च 2022 रोजी संपली. 2025 ची दिवाळी ही तेव्हापासूनची चौथी. तोवर महापौर नव्हते, स्थायी समिती नव्हती, विरोधी पक्षनेता नव्हता. सगळा कारभार प्रशासकांच्या हाती होता. फेब्रुवारी 2017 च्या मतदानानंतर लगेच ज्याला अठरावे पूर्ण झाले, तो मुलगा त्या दिवाळीत सव्विशी ओलांडून गेला होता. आयटीआय झाले, कंपनीत लागला, कदाचित दोनाचे चार हातही झाले. पण आपल्या प्रभागाचा नगरसेवक निवडायला तो तोवर एकदाही रांगेत उभा राहिलेला नव्हता. चाकण नगरपरिषदेची मुदत तर महापालिकेच्याही आधी संपली होती. पुणे जिल्हा परिषद आणि खेड पंचायत समितीही मार्च 2022 पासून प्रशासकांकडेच होत्या. देशभर धावणाऱ्या गाड्या जिथे तयार होतात, त्या सबंध पट्ट्यात ग्रामपंचायत आणि आमदार-खासदार यांच्या मधला निवडून दिलेला माणूसच उरलेला नव्हता.

सर्वोच्च न्यायालयाने अखेर निवडणुकांसाठी 31 जानेवारी 2026 ही शेवटची मुदत घालून दिली. मग टपरीटपरीवर आरक्षण सोडतीच्या आणि कोण कुठल्या पक्षात चालला याच्या गप्पा रंगू लागल्या. त्या धामधुमीत ही मधली वर्षे विसरली जातील, ही आमची खरी काळजी आहे. म्हणून अंकाच्या तोंडीच हा विषय घेतला.

लोकशाहीवरचे संकट म्हटले की आपल्याला दूरचे देश आठवतात. तुर्कस्तानात 2016 नंतर कुर्दबहुल भागातल्या कितीतरी निवडून आलेल्या महापौरांना काढून सरकारने तिथे आपले विश्वस्त बसवले. मार्च 2025 मध्ये इस्तंबूलचे महापौर एक्रेम इमामोग्लू तुरुंगात गेले, तेव्हा लाखो लोक रस्त्यावर उतरले. आपल्याकडे असे काहीच घडले नाही. कुणाला अटक झाली नाही, कुणी सत्ता बळकावली नाही. प्रत्येक पायरीला कारण होते आणि ते कारण त्या-त्या वेळी पटण्यासारखे होते. 4 मार्च 2021 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्थानिक निवडणुकांतल्या ओबीसी आरक्षणासाठी तीन अटींची तिहेरी कसोटी सांगितली. मग ओबीसींची आकडेवारी गोळा करणे आले, त्यासाठी बांठिया आयोग आला. दरम्यान आधीच्या सरकारने पिंपरी-चिंचवडच्या जागा 139 केल्या, नंतरच्या सरकारने त्या पुन्हा 128 वर आणल्या. त्यावर याचिका झाल्या, ऑगस्ट 2022 मध्ये न्यायालयाने परिस्थिती जैसे थे ठेवायला सांगितले आणि मग नुसत्या तारखा पडत गेल्या. 6 मे 2025 रोजी निवडणुका घ्याच असा आदेश होईपर्यंत तीन वर्षे उलटून गेली होती.

ओबीसींचे राजकीय आरक्षण हा हक्काचा प्रश्न आहे. विलंबाचे खापर त्याच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. दोष आहे तो आकडेवारी वेळेत उभी न करणाऱ्या यंत्रणेचा आणि या काळात आळीपाळीने सत्तेत बसलेल्या दोन्ही आघाड्यांचा. महापालिका मंत्रालयातून चालवता येते याचा अनुभव दोघांनीही घेतला आणि घाई कुणालाच नव्हती. हे केवळ महाराष्ट्रातच झाले असेही नाही. चेन्नईत 2016 ते 2022 निवडून आलेली महापालिका नव्हती, बंगळुरूत सप्टेंबर 2020 नंतर कित्येक वर्षे नव्हती. महापालिकेची मुदत पाच वर्षेच असेल, ती संपण्याआधी निवडणूक झाली पाहिजे, बरखास्त केली तरी सहा महिन्यांत झाली पाहिजे, हे 74 व्या घटनादुरुस्तीने 1993 पासून राज्यघटनेत लिहून ठेवले आहे. इतकी स्पष्ट तरतूद इतकी वर्षे बाजूला पडते आणि शहर आपल्या शिफ्ट, ईएमआय, शाळेच्या फिया यांत गुंतून जाते. लोकशाहीला यापेक्षा मोठा धोका आम्हाला दिसत नाही. हुकूमशहाविरुद्ध उभे राहता येते. सवयीविरुद्ध उभे राहायला आधी ती सवय लागली आहे हे कळावे लागते.

त्या काळात वाकड, रावेत, मोशीच्या सोसायट्यांमध्ये या विषयावर बोलायला गेले की एक उत्तर हमखास मिळायचे: नगरसेवक नाहीत तेच बरे. या उत्तराला आधार नाही असे कुणी म्हणू नये. ऑगस्ट 2021 मध्ये लाचलुचपत प्रतिबंधक विभागाने स्थायी समितीच्या तेव्हाच्या अध्यक्षांना लाचेच्या प्रकरणात अटक केली, तीही थेट महापालिका भवनात कारवाई करून. टक्केवारीच्या कथा तर शहरातल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहेत. उलट बाजूला डॉ. श्रीकर परदेशी यांच्यासारखे आयुक्त लोकांनी पाहिले आहेत. त्यांच्या काळात 2013 मध्ये ‘सारथी’ हेल्पलाइन सुरू झाली, फोनवर तक्रार नोंदवून क्रमांक मिळू लागला. आणि मुदतीआधीच त्यांची बदली झाली तेव्हा लोक अधिकाऱ्याच्या बाजूने रस्त्यावर आले. अशा शहराला प्रशासकांचे राज्य खटकले नसेल तर नवल नाही.

तरीही हा विचार चुकीचा आहे असे आमचे ठाम मत आहे. व्यक्तिपूजेने लोकशाही खचते, असा इशारा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 25 नोव्हेंबर 1949 रोजी घटना समितीत दिला होता. तो राजकीय नेत्यांबद्दल होता, पण चांगल्या अधिकाऱ्यावर शहर सोपवून मोकळे होण्यालाही तो तितकाच लागू पडतो. अधिकारी चांगला निघाला तर आपले नशीब. वाईट निघाला तर आपल्या हाती काय आहे?

प्रशासकांच्या काळात एखादा निर्णय कसा व्हायचा ते जवळून बघावे. विभागाकडून फाइल यायची. आयुक्त म्हणून एक अधिकारी तो विषय मान्यतेसाठी ठेवायचे. सर्वसाधारण सभेचे आणि स्थायी समितीचे अधिकार प्रशासकांकडे होते आणि प्रशासक म्हणजे तेच अधिकारी. मांडणारा तोच, मंजूर करणारा तोच. पूर्वी हाच विषय महासभेत आला की गोंधळ व्हायचा, उपसूचना यायच्या, सभा तहकूब व्हायची, कुणीतरी तावातावाने कागद फाडायचा. त्यातला बराचसा तमाशा होता हे खरे. पण त्या गोंधळात एखादा नगरसेवक विचारून जायचा की या निविदेची रक्कम दुप्पट कशी झाली, आणि दुसऱ्या दिवशी ते पेपरात यायचे. पुणे नगरपालिकेत 1880 मध्ये व्हाइसरॉय लिटन यांच्या स्वागतासाठी हजार रुपये खर्च करण्याचा विषय आला, तेव्हा महात्मा जोतीराव फुले यांनी एकट्याने विरोध केला. जोतीराव निवडून आलेले नव्हते, सरकारने नेमलेले सभासद होते. तरीही सभा होती, मत विचारले जात होते, म्हणून तो विरोध नोंदला गेला आणि आज आपल्याला माहीत आहे. 2022 ते 2025 या काळात पिंपरी-चिंचवडमध्ये असा एकटा माणूस असता, तर त्याने विरोध कुठे नोंदवला असता?

हा प्रश्न हवेतला नाही. याच काळात शहराचा नवा विकास आराखडा जाहीर झाला, म्हणजे पुढच्या दोन दशकांत कुणाच्या घरावरून रस्ता जाणार ते ठरू लागले. त्यावर जवळजवळ 50 हजार हरकती आल्या. चिखली आणि चऱ्होलीच्या नगररचना योजना गावकऱ्यांच्या विरोधानंतर मागे घ्याव्या लागल्या. फेब्रुवारी 2025 मध्ये चिखली-कुदळवाडीत भंगाराची गोदामे, लघुउद्योगांचे शेड अशी हजारो बांधकामे पाडली गेली. त्यातली पुष्कळ बेकायदा होती, तिथल्या आगी आणि नदीत जाणारे सांडपाणी हेही खोटे नव्हते. कारवाई योग्य की अयोग्य यावर दोन मते असू शकतात. पण जिथे हजारो लोकांची रोजीरोटी आहे तिथला निर्णय होताना त्या वस्तीच्या वतीने सभागृहात बोलणारा एकही माणूस असू नये, यावर दोन मते कशी असतील?

मात्र सभागृह भरले की सगळे ठीक होते, असे सांगून वाचकांची फसवणूक करायची नाही. दिवसाआड पाणी नोव्हेंबर 2019 मध्ये सुरू झाले, तेव्हा नगरसेवक होते. 9 ऑगस्ट 2011 रोजी पवनेच्या बंद जलवाहिनीला विरोध करणारे मावळचे शेतकरी बऊरजवळ द्रुतगती मार्गावर उतरले आणि पोलिसांच्या गोळीबारात तिघांचा जीव गेला. त्या दिवशी महापालिकाही निवडून आलेली होती आणि राज्य सरकारही. योजना पिंपरी-चिंचवडची होती, पाणी मावळातून येणार होते आणि मावळच्या शेतकऱ्याला पिंपरीच्या सभागृहात मत नव्हते. ज्याच्यावर निर्णयाचा भार पडतो तोच यादीबाहेर राहतो, ही दुखरी जागा आपल्या पट्ट्यात फार जुनी आहे.

चाकणला ती रोज दिसते. खराबवाडी, नाणेकरवाडी, म्हाळुंगे, निघोजे, कुरुळी इथल्या खोल्यांमधून मराठवाड्याची, विदर्भाची, बिहार-उत्तर प्रदेशाची पोरे राहतात. दहा बाय दहाच्या खोलीत चार-पाच जण. दिवसपाळीचा उठून गेला की त्याच गादीवर रात्रपाळीचा आडवा होतो. आंबेठाण चौकात, तळेगाव चौकात कंपनीच्या बसमध्ये तासन् तास अडकतात ते हेच. टँकरचे पाणी विकत घेतात ते हेच. घरमालक भाडेकरार करून देत नाही. करार नाही म्हणून पत्त्याचा पुरावा नाही आणि पुरावा नाही म्हणून मतदार यादीत नाव नाही. ग्रामसभा ही गावच्या मतदारांची, त्यामुळे गावात दहा वर्षे राहूनही त्यांना तिथे बसता येत नाही. कंपनीच्या गेटच्या आतही तेच. युनियनची निवडणूक लागली की पॅनेल पडतात, गेटसभा होतात, कायम कामगार चुरशीने मतदान करतात. त्याच लाइनवर तेच काम करणारा कंत्राटी पोरगा बाजूला उभा राहून बघतो. आपल्या पट्ट्यातली कामगार चळवळ एके काळी देशभर गाजली. 1989 मध्ये टेल्को कंपनीचे कामगार शनिवारवाड्यावर उपोषणाला बसले होते. त्या चळवळीच्या वारसदारांनी कंत्राटी कामगाराला संघटनेत मत देण्याचा प्रश्न आता तरी हाती घेतला पाहिजे.

यातल्या अनेकांना गावचे मत सोडायचे नसते, हेही समजून घ्यावे लागेल. जमीन तिथे, रेशन तिथे, आई-बाप तिथे. ज्यांना इथे मत हवे आहे त्यांची नोंदणी घरमालकांच्या मर्जीवर अवलंबून राहता कामा नये. 31 जानेवारी 2026 च्या मुदतीतल्या पालिका निवडणुकांसाठी 1 जुलै 2025 ची विधानसभा यादी धरली गेल्याने त्यानंतर नव्याने नाव घालायची वेळ निघून गेली होती. पण आहे ते नाव योग्य प्रभागात आले की नाही, हे दर निवडणुकीच्या प्रारूप यादीत बघून हरकत घेता येते. सोसायट्यांच्या समित्या, मंडळे, भिश्या यांनी एवढे एक काम अंगावर घ्यावे. आणि ज्यांचे मत गावीच राहणार आहे, त्यांच्यासाठी राज्याने 2009 मध्ये कायद्यात आणलेली आणि तेव्हापासून कागदावरच राहिलेली क्षेत्र सभा खरोखर भरवावी, तिथे भाडेकरूलाही बोलू द्यावे. मत मांडायला मतदार असण्याची अट कशाला?

तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी ऑगस्ट 2025 मध्ये भल्या पहाटे चाकणच्या चौकांची पाहणी केली आणि पुणे जिल्ह्यात तीन नव्या महापालिका कराव्या लागतील, त्यातली एक चाकण परिसरासाठी असेल, असे सांगितले. कोंडीने पिचलेल्या चाकणकरांना ते ऐकून बरे वाटले असेल. गावोगावचे पुढारी हद्दीचे, करांचे, आरक्षणांचे हिशेब मांडू लागले. आमचा आग्रह वेगळाच आहे. 1970 ची पिंपरी-चिंचवड नगरपरिषद 1982 मध्ये महापालिका झाली आणि तिची पहिली निवडणूक झाली 1986 मध्ये. पहिली काही वर्षे, म्हणजे शहराची घडी बसण्याचा काळ, प्रशासकांखालीच गेला. चाकणची महापालिका करायची असेल तर जरूर करा. पण ज्या अधिसूचनेने ती स्थापन होईल, त्याच अधिसूचनेत तिच्या पहिल्या निवडणुकीची तारीख छापा, आणि ती तारीख सहा महिन्यांच्या आतली असू द्या. चाकण, खराबवाडी, म्हाळुंगेच्या लोकांनी आधी ही तारीख मागावी, हद्दीचा नकाशा त्यानंतर.