चार किलोंचा हट्ट

परवा एका मित्राने फोनवर विचारलं, "तू बसवलंयस ना हलकं फ्लायव्हील? मी पण बसवू का?" मी "हं, बघ" म्हणून वेळ मारून नेली. खरं उत्तर जरा लांब आहे, म्हणून इथे लिहितोय. (नातेवाईकांनो, गाड्यांचा कंटाळा असेल तर मधलं गाळा. शेवटी गोष्ट घरचीच आहे.)

फ्लायव्हील म्हणजे इंजिनाच्या क्रँकशाफ्टच्या टोकाला बसवलेली जड तबकडी. कुंभाराचं चाक आठवा. काठीने गरगर फिरवून सोडलं की ते आपल्या वजनाने फिरत राहतं आणि कुंभाराचे हात मडक्यासाठी मोकळे होतात. चार सिलिंडरच्या इंजिनातही ताकद सलग येत नाही, क्रँकच्या एका फेरीत दोन धक्के बसतात. त्या धक्क्यांमधली पोकळी ही तबकडी भरून काढते. क्लच सोडताना गाडी जो पहिला रेटा घेते, तोही बराचसा याच साठ्यातून.

माझी गाडी १९९२ची मियाटा, १.६ लिटरची. जुनं फ्लायव्हील सुमारे ८ किलोचं, नवं अॅल्युमिनियमचं त्याच्या निम्मं. क्लच बदलायला गिअरबॉक्स उतरवलाच होता, म्हटलं हेही उरकून घेऊ.

यात एक गंमत आहे. हलक्या फ्लायव्हीलने इंजिनाची ताकद वाढत नाही. फक्त ते चाक फिरवण्यात खर्च होणारी ताकद वाचते. पण किती, ते गिअरवर ठरतं, कारण गिअरचं प्रमाण इथे वर्गात मोजावं लागतं. मी वहीत हिशोब केला. पहिल्या गिअरमध्ये हे ४ किलो म्हणजे गाडीतून जवळजवळ १०० किलो उतरवल्यासारखं. पाचव्यात जेमतेम ७ किलो! म्हणजे हायवेवर फरक जवळपास शून्य.

फरक जाणवतो तो वळणावळणाच्या रस्त्यावर. रविवारी सकाळी स्कायलाइन बुलेव्हार्डवर खालचा गिअर टाकताना अॅक्सिलरेटरला नुसता पाय लावायचा अवकाश, काटा टुणकन वर. खोटं कशाला बोलू, मजा येते.

पण जो साठा काढून टाकला, तो सिग्नलला लागतोच. आता न्यूट्रलमध्ये गिअरबॉक्स खडखडतो, गाडी थरथरते आणि क्लच सोडताना जरा चूक झाली की इंजिन बंद.

बायको गिअरची गाडी याच मियाटावर शिकली. इथे बे एरियात गिअरच्या गाड्या फारशा दिसत नाहीत, तरी चिकाटीने शिकली. सॅन फ्रान्सिस्कोतल्या त्या भिंतीसारख्या चढांवरसुद्धा हँडब्रेक धरून सफाईने गाडी काढायची. नवं फ्लायव्हील बसल्यावर पहिल्याच आठवड्यात चढावरच्या एका सिग्नलला तिच्या हातून गाडी तीनदा बंद पडली. मागे हॉर्नचा कल्लोळ. घरी येऊन किल्ली खुंटीला अडकवली आणि म्हणाली, "ही आता तुझी एकट्याची गाडी झाली रे." रागाने नाही म्हणाली, तेच जास्त लागलं. त्यानंतर तिने किल्ली उचललेली नाही.

तेव्हा माझं मत असं. गाडी फक्त ट्रॅकवर नेणार असाल तर जरूर बसवा. (मात्र जुनं बिडाचं फ्लायव्हील लेथवर कापून हलकं करायचा स्वस्त उद्योग करू नका. जास्त फेऱ्यांवर ते फुटू शकतं आणि तुकडे तुमच्या पायांपाशी येतात.) पण गाडी घरातले दोघं चालवत असतील तर कंपनीने दिलेलं राहू द्या. ते वजन इंजिनिअरांनी आळसाने ठेवलेलं नसतं. रोजच्या चालवणाऱ्याच्या चुका पोटात घालायला ठेवलेलं असतं. मी चार किलो काढताना त्याला फुकटचं ओझं समजलो आणि कोणाच्या वाटचं काढतोय हे विचारलंही नाही.

जुनं फ्लायव्हील गॅरेजच्या कोपऱ्यात कापडात गुंडाळून ठेवलंय. ते परत बसवायचं तर पुन्हा गिअरबॉक्स उतरवणं आलं, म्हणजे एक अख्खा शनिवार आणि कंबरदुखी. येत्या शनिवारी बसतोय.

मित्रा, तुझी गाडी घरात अजून कोण चालवतं?