झाडावर चढून घेतलेली शंका

बारावीच्या जीवशास्त्राच्या क्रमिक पुस्तकात, उत्क्रांतीच्या प्रकरणात, एक चित्र असते. झाडाच्या खोडावर बसलेले दोन पतंग, एक पांढुरका आणि एक काळा. स्वच्छ खोडावर पांढुरका दिसेनासा होतो, काजळलेल्या खोडावर काळा. सोबत इंग्लंडमधील कारखान्यांच्या धुराची हकीगत चार-पाच वाक्यांत दिलेली असते. परीक्षेत तिच्यावर टीप लिहावयास येते आणि विद्यार्थी ती लिहून मोकळा होतो. या चित्रामागे शंभराहून अधिक वर्षांचे वाद, रात्रीची जागरणे आणि काटेकोर मोजदाद आहे, याचा पुस्तकात मागमूस नसतो. वस्तुतः विद्यार्थ्याने शिकावे असे जे काही या प्रकरणात आहे, ते त्या वादातच आहे.

हकीगत अशी. रात्री दिव्यावर झेपावणाऱ्या पतंगांपैकी बिस्टन बेट्युलारिया ही इंग्लंडमधील एक सामान्य जात. पांढऱ्या पंखांवर मिरपूड भुरभुरल्यासारखे काळे ठिपके, म्हणून तिचे इंग्रजी नावही मिरीवरूनच पडले आहे. १८४८ साली मँचेस्टर येथे या जातीचा एक संपूर्ण काळा पतंग मिळाल्याची नोंद आहे. १८९५ पर्यंत त्याच शहरात शंभरातले अठ्ठ्याण्णव पतंग काळे झाले होते. धुरातील गंधकाच्या वायूने खोडांवरचे दगडफूल मरून गेले होते (गोड्या मसाल्यात पडते त्याच कुळातले हे दगडफूल) आणि उघड्या सालीवर काजळी बसली होती. अशा खोडावर पांढुरका पतंग पक्ष्यांना चटकन दिसतो, काळा दिसत नाही, असा तर्क जे. डब्ल्यू. टट यांनी १८९६ साली मांडला. पुढे भारताचे नागरिकत्व घेऊन १९६४ साली भुवनेश्वर येथे देह ठेवणारे हाल्डेन यांनी १९२४ साली गणित मांडून दाखविले की, एवढ्या थोड्या वर्षांत एवढा बदल व्हायचा तर काळ्याला मिळणारा लाभ जवळजवळ दीडपट असला पाहिजे. परंतु पक्ष्याने पतंग खाल्ल्याचे कोणी डोळ्यांनी पाहिले होते? फारसे कोणीच नाही. पक्षी हे पतंग खातच नाहीत, असे म्हणणारे जाणकारही होते.

दुसरे एक स्पष्टीकरणही त्या काळी पुढे आले होते. शिसे आणि मँगनीज यांचे क्षार मिसळलेला पाला सुरवंटांना खाऊ घातला की काळे पतंग निपजतात, असा दावा हेस्लॉप हॅरिसन यांनी केला. इतरांनी तसाच पाला घालून पाहिला, काळे पतंग निपजेनात. हा दावा मागे पडला तो एखाद्या मोठ्या माणसाने नाकारला म्हणून नव्हे. दुसऱ्यांच्या हातून तो उतरला नाही, एवढेच त्याचे कारण.

बर्नार्ड केटलवेल हे व्यवसायाने डॉक्टर आणि छंदाने पतंगसंग्राहक. पतंग गोळा करणाऱ्याची भटकंती ही फुलपाखरांमागे जाळे घेऊन धावण्याइतकी रमणीय नसते. अंधार पडल्यावर काकवीत थोडी रम मिसळून ती खोडांना फासायची आणि कंदील घेऊन तासातासाने फेरी मारायची. पाऱ्याच्या दिव्याखाली सापळा लावायचा. पिंजऱ्यात मादी टांगून नरांची वाट पाहायची. थंडी वाजली, पाऊस आला, चांदणे फार पडले, तर रात्र फुकट जाते. या उद्योगात मुरलेल्या केटलवेल यांनी १९५३ साली बर्मिंगहॅमजवळच्या काजळलेल्या वनात पंखाखाली रंगाचा ठिपका लावून ४४७ काळे आणि १३७ पांढुरके पतंग सोडले आणि रात्री सापळ्यांत कोण परत येते ते मोजले. काळ्यांपैकी २७.५ टक्के परत सापडले, पांढुरक्यांपैकी १३ टक्के. १९५५ साली डॉर्सेटमधील स्वच्छ वनात हेच केले तेव्हा हिशेब नेमका उलटला: पांढुरके १२.५ टक्के, काळे ६.३ टक्के. पुढे नोबेल पारितोषिक मिळविणारे टिनबर्गेन यांनी पक्षी पतंग टिपताना चित्रफीत घेतली. वाद मिटला असे सर्वांना वाटले, आणि चित्र पाठ्यपुस्तकात गेले.

येथवरची कथा सर्वांना ठाऊक आहे. पुढची फार थोड्यांना, आणि ज्यांना ठाऊक आहे त्यांतील पुष्कळांना ती अर्धीच.

शंका प्रथम काढली ती विज्ञानाच्या शत्रूंनी नव्हे, पतंग गोळा करणाऱ्यांनीच. लिव्हरपूलचे डॉ. सिरिल क्लार्क यांनी १९५९ पासून आपल्या घरच्या बागेत सापळा लावला होता. फुलपाखरांच्या आनुवंशिकतेच्या छंदातूनच ते आर-एच रक्तगटाच्या प्रश्नाकडे वळले, आणि आज प्रसूतिगृहांत जे अँटी-डी इंजेक्शन देतात त्याच्या शोधात त्यांचा मोठा वाटा आहे. छंदाला रिकामा उद्योग म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. तर या क्लार्क यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ साली नोंदविले की, पंचवीस वर्षांत सापळ्यांजवळच्या खोडांवर किंवा भिंतींवर दिवसा बसलेले असे केवळ दोनच पतंग त्यांना दिसले. मग केटलवेल यांचे पतंग खोडावर कसे? ते त्यांनी स्वतः ठेवले होते, तेही दिवसा. शिवाय एका ठिकाणी नैसर्गिकरीत्या असतात त्याहून पुष्कळ अधिक. आणि पुस्तकांतील छायाचित्रांत तर कित्येकदा मेलेले पतंग नेऊन चिकटविलेले होते.

अर्थशास्त्राच्या अभ्यासकाला ही चूक ओळखीची वाटावी. ग्रामीण दारिद्र्याची पाहणी करणारे लोक डांबरी रस्त्यालगतच्या खेड्यांतच जातात आणि आतल्या वस्त्यांची गरिबी त्यांच्या तक्त्यांत येत नाही, असे रॉबर्ट चेंबर्स यांनी १९८३ साली दाखवून दिले होते. केटलवेल यांनीही जेथे स्वतःला नीट पाहता येईल तेथे पतंग ठेवले. ही लबाडी नव्हे, सोय होय. परंतु सोयीने केलेल्या मोजणीला शंकेचे देणे लागते, आणि ते कोणीतरी फेडावे लागते.

केंब्रिजचे मायकेल मॅजेरस यांनी १९९८ साली आपल्या ग्रंथात हे सर्व दोष नीट मांडले, आणि तरीही मूळ निष्कर्ष बरोबर असल्याचे आपले मत दिले. वाचणाऱ्यांनी दोष तेवढे उचलले. अमेरिकेतील जीवशास्त्रज्ञ जेरी कॉइन यांनी परीक्षणात लिहिले की, नाताळच्या भेटी सांताक्लॉज नव्हे, आपले वडीलच आणतात हे सहाव्या वर्षी कळल्यावर जसे वाटले होते तसे आता वाटते. २००२ साली ज्युडिथ हूपर यांच्या पुस्तकाने केटलवेल यांच्या प्रामाणिकपणावरच बोट ठेवले. वरिष्ठ सहकाऱ्याचे पत्र आले आणि परत सापडणाऱ्या पतंगांची संख्या वाढली, असा त्यातील सूर. त्या दिवसांत सोडलेल्या पतंगांची संख्याही वाढली होती, हे नोंदी पाहणाऱ्यास दिसते. पण नोंदी कोण पाहतो? उत्क्रांतीच विद्यालयांतून हद्दपार व्हावी असे म्हणणाऱ्यांना आयते साधन मिळाले. केटलवेल १९७९ साली वारले होते. उत्तर देण्यास ते हयात नव्हते.

या ठिकाणी मॅजेरस दोनपैकी एक गोष्ट करू शकले असते. जुन्या प्रयोगाची वकिली करीत बसणे ही एक, आणि आपण आधीच दोष दाखविले होते असे म्हणून अंग काढून घेणे ही दुसरी. त्यांनी दोन्ही टाळून २००१ साली आपल्या बागेतील झाडांवर चढावयास सुरुवात केली. पतंग दिवसा कोठे बसतात ते प्रथम पाहिले. सहा वर्षांत असे १३५ पतंग सापडले. निम्म्याहून थोडे अधिक आडव्या फांद्यांवर, परंतु एक तृतीयांशाहून अधिक खोडांवरच. म्हणजे केटलवेल यांची जागा अपुरी होती, खोटी नव्हती. मग फांद्यांभोवती जाळीच्या पिशव्या लावून त्यांत रात्री पतंग सोडायचे, त्यांना हवी ती जागा घेऊ द्यायची, पहाटे जाळी काढायची आणि दुर्बीण घेऊन बसायचे. काही तासांनी पुन्हा झाडावर चढून कोण उरले ते मोजायचे. एका वेळी थोडेच पतंग, म्हणजे गर्दीचा आक्षेप नको. वटवाघळे एखादा रंग अधिक पसंत करीत असतील काय, हेही त्यांनी निराळे तपासले. तसे आढळले नाही. सहा वर्षांत ४,८६४ पतंग. रॉबिन, ब्लॅकबर्ड, स्टार्लिंग, मॅगपाय अशा नऊ जातींचे पक्षी पतंग खाताना प्रत्यक्ष दिसले. १९५६ च्या स्वच्छ हवेच्या कायद्यानंतर निवळलेल्या त्या हवेत काळ्या पतंगांची एका दिवसात टिकून राहण्याची शक्यता पांढुरक्यांपेक्षा सुमारे एक दशांशाने कमी भरली. त्याच काळात केंब्रिज परिसरातील काळ्यांचे प्रमाण १२ टक्क्यांवरून १ टक्क्यावर आले.

हा निष्कर्ष उलटही निघू शकला असता. दोन्ही रंग सारखेच खाल्ले गेले असते तर सहा वर्षांची मेहनत स्वतःच्याच मताविरुद्धचा पुरावा म्हणून छापावी लागली असती. ज्याच्या मोजणीत स्वतः हरण्याची सोय आहे त्यालाच संशयी म्हणावे. ‘पुस्तकात आहे म्हणजे खरे’ म्हणणारा आणि ‘सगळी बनवाबनवी आहे’ म्हणणारा हे एकमेकांचे विरोधक दिसतात. खरे पाहता दोघांनीही झाडावर चढण्याचे कष्ट सारखेच वाचविलेले असतात. आजकाल दुसऱ्या प्रकाराला चिकित्सक म्हणण्याची जी चाल पडली आहे, ती घातक आहे.

यावर असा आक्षेप येईल की, कचेरीत काम करणाऱ्या माणसाने वा शाळामास्तराने पतंग कोठून मोजावेत? मोजू नयेत. श्रमविभागणी जशी गिरणीत आहे तशी शंकेतही आहे. परंतु बँकेतील रोखपाल हातात आलेले नोटांचे बंडल पुन्हा मोजतो, तेव्हा त्यात आधी मोजणाऱ्याचा अपमान नसतो आणि त्याच्यावर चोरीचा आळही नसतो. ही वृत्ती ज्याला रोज लागते, त्याला विज्ञानातील दाव्याविषयी विचारणे कठीण नाही की हे कोठे मोजले, आणि उलट निघते तर सांगितले असते काय. वर्गात हे चित्र दाखविताना ‘यांतले पतंग मुद्दाम ठेवलेले असू शकतात’ एवढे शिक्षकाने सांगितले आणि मग पुढची हकीगत सांगितली, तर एक तास खर्ची पडेल. गुण मिळणार नाहीत, कारण परीक्षेतील टीप चार ओळींचीच असते. विद्यार्थ्याचा विज्ञानावरील विश्वास उडेल ही भीती मात्र अनाठायी आहे. तो विश्वास अधिक उडतो तो हीच गोष्ट त्याला पुढे एखाद्या कुचेष्टेच्या लेखातून कळते तेव्हा.

मॅजेरस यांनी २००७ च्या ऑगस्टमध्ये स्वीडनमधील उप्साला येथील परिषदेत आपले आकडे मांडले. ते सविस्तर प्रसिद्ध करण्याआधीच जानेवारी २००९ मध्ये ते वारले. चार सहकाऱ्यांनी ते आकडे घेऊन पुन्हा हिशेब मांडला आणि २०१२ साली छापला, निष्कर्ष टिकला. २०१६ साली लिव्हरपूलच्या संशोधकांनी काळेपणास कारण होणारा जनुकातील बदलही शोधून काढला, आणि तो सुमारे १८१९ च्या सुमारास घडला असावा असा अंदाज दिला. मँचेस्टरच्या त्या पहिल्या पतंगाआधी जेमतेम तीन दशके. यानंतर कोणाला पुन्हा शंका आली, तर तिला अडचण वेगळीच आहे. त्या बागेत तोच प्रयोग करावयाचा तर शंभर पतंगांमागे काळा सापडेल न सापडेल अशी स्थिती २००७ सालीच आली होती.