लक्ष्मीबाईंची पाच वर्षे

६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांचे संमतीचे समलिंगी संबंध कलम ३७७ च्या कक्षेतून वगळले, तेव्हा मी अकरावीत होतो. डिलाईल रोडचा पूल त्याच जुलैत बंद झालेला. सारी वस्ती वळसे घालून ये-जा करीत होती. आमच्या ख्रिस्ती घरात मात्र उत्तर सरळ होते : पवित्र शास्त्रात निषिद्ध ते निषिद्ध. तरुण संघाच्या सभेत उभे राहून मी हेच मांडले, आणि मनापासून मांडले. त्या सभेतला एक मित्र पुढे उपासनेला यायचा थांबला. कारण त्याने सांगितले नाही. मी विचारले नाही.

एम. ए.ला 'स्मृतिचित्रे' अभ्यासाला आले. वर्गात चर्चा झाली ती विनोदाची, बोलीची, फार तर पतिनिष्ठेची. मी अडलो दुसरीकडेच. ना. वा. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा, लक्ष्मीबाईंचा १९०० चा. मधल्या काळात पती ख्रिस्ती आणि पत्नी सोवळ्यातली. ते सोवळे सुटले ते कुणाच्या प्रवचनाने नव्हे. जातिभेद देवाने केला की माणसाने, हा प्रश्न त्यांनी स्वतःलाच विचारला, आणि मग कुणाच्याही हातचे खायचे-प्यायचे ठरवले. बाप्तिस्मा त्यानंतरचा. याला केवळ पतीमागे जाणे म्हणणारी समीक्षा मला आळशी वाटते.

वडिलांचा आक्षेप मात्र हलका नाही. "लक्ष्मीबाई शास्त्राकडे आल्या, तू शास्त्रापासून चाललास," असे म्हणून ते रोमकरांस पत्राचा पहिला अध्याय पुढे ठेवतात. माझ्यापाशी चटकन उत्तर नसते. पण लक्ष्मीबाईंच्या सोवळ्यालाही शास्त्राचाच आधार होता, हे कसे विसरावे?

१७ ऑक्टोबर २०२३ रोजी न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता नाकारली. कायदा करणे हे संसदेचे काम, असे म्हटले. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली कितीतरी आंतरधर्मीय जोडप्यांनी संसार थाटले, त्यापायी कुठल्याही चर्चला आपल्या वेदीपुढे त्यांची लग्ने लावावी लागली नाहीत. तीच वाट इतरांना मोकळी व्हावी, याविषयी माझ्या मनात आता शंका नाही. वेदीपुढच्या विवाहाविषयी आहे. त्याच डिसेंबरात रोमने अशा जोडप्यांना आशीर्वाद देण्याची मुभा धर्मगुरूंना दिली, विवाहाची नाही, वडील म्हणाले, "पोपचे पोपला लखलाभ, आपण प्रोटेस्टंट."

वडिलांना माझे मत ठाऊक आहे. तरुण संघापुढे ते अजून मांडलेले नाही. त्याआधी त्या मित्राकडे जायचे आहे.