डिस्कला तारे देण्याआधी

जुन्या मराठी चित्रपटाची डीव्हीडी परीक्षणाला आली की आपल्यातले बरेच जण पहिल्या रिळातच निकाल लावून मोकळे होतात. ओरखडे दिसले, मागे खरखर ऐकू आली, की चित्राला दोन तारे आणि आवाजाला दीड. सगळं गुळगुळीत असलं की चार. कोल्हापुरात बसून तरी हा उद्योग आपण थांबवायला हवा.

'अयोध्येचा राजा' घ्या. 'प्रभात' पुण्याला हलण्याआधी, १९३२ साली, तो इथंच तयार झाला. पार्श्वगायन आपल्याकडे १९३५ च्या सुमारास आलं. त्यामुळे गोविंदराव टेंबे, दुर्गाबाई खोटे कॅमेऱ्यासमोरच गात होते आणि आवाज तिथंच टिपला जात होता. नटाने मान वळवल्यावर आवाज पातळ झाला, तर तो डिस्कचा दोष कसा? फिल्मच्या कडेच्या ध्वनिपट्टीत बारीक, उंच सूर मुळातच कमी उतरत. खरखर पुरती काढायला गेलं की 'स' आणि 'श' बोथट होतात, आणि हरिश्चंद्र रजईतून बोलू लागतो. अशा डिस्कला 'स्वच्छ ध्वनी' म्हणून शाबासकी देणारी परीक्षणं आमच्याकडे येतात.

याउलट जो दोष खरोखर डिस्कचा, तो सहसा कुणी पकडत नाही. बोलपट सेकंदाला २४ चित्रांचा, आपली पाल पद्धतीची डीव्हीडी २५ चित्रांची. सरळ उतरवून घेतलं तर दोन तासांचा चित्रपट ११५ मिनिटं १२ सेकंदांत संपतो आणि स्वर जवळपास पाऊण पट्टी चढतो. टेंबे हार्मोनियमवादनातलं मोठं नाव. त्यांच्याच संगीताची पट्टी अशी सरकावी, आणि परीक्षणात त्यावर अक्षर नसावं! मिनिटं कमी भरली की 'कात्री लावली' असं लिहून टाकण्याआधी एवढा गुणाकार करावा.

चित्राच्या बाबतीतही आधी गणितच. ८.५ जीबीच्या डिस्कवर अडीच तासांचा एकच चित्रपट असेल, तर आवाज धरून सेकंदाला साडेसात मेगाबिट मिळतात. 'तीन चित्रपट एकात'वाल्या डिस्कवर तेच अडीचवर येतात. व्हीसीडीचं तर बोलायलाच नको, तिथं चित्राला सव्वा मेगाबिटही नसतात. 'साधी माणसं' (१९६५) तपासताना ऐरणीपाशी थांबा. भट्टीचा उजेड आणि भोवतालचा काळोख यांच्यामधली करडी छटा टिकली आहे, की काळ्याचे नुसते चौकोन झालेत? 'तांबडी माती' (१९६९) तपासताना आखाड्यात थांबा. आपोआप सफाई करणाऱ्या सॉफ्टवेअरला उडती माती आणि फिल्मवरची धूळ यांतला फरक नेहमीच कळतो असं नाही. मल्लांच्या अंगावरची माती पुसणाऱ्या सफाईला तारे कसले द्यायचे? तीच गत पडदा भरण्यासाठी चौकोनी चित्राचं डोकं छाटणाऱ्यांची.

आणि सगळ्यात आधीचा प्रश्न, जो वेष्टणावर जवळजवळ कधीच छापलेला नसतो: डिस्क कशावरून केली? मूळ निगेटिव्हवरून, थिएटरात फिरून झिजलेल्या प्रिंटवरून, की जुन्या व्हिडिओ टेपवरून? जानेवारी २००३ मध्ये पुण्यातल्या आगीत नायट्रेट फिल्मचा मोठा साठा जळाला, त्यात 'प्रभात'चीही रिळं होती. जिथं मूळच उरलं नाही, तिथं नकलेच्या नकलेवरून केलेली प्रामाणिक डिस्क ओरखड्यांसकट उत्तम ठरू शकते. निगेटिव्ह शाबूत असताना टेपवरून उरकलेली डिस्क मात्र कितीही चकचकीत असो, तिला आम्ही माफ करणार नाही. (कोपऱ्यात अखंड चिकटवलेलं कंपनीचं बोधचिन्ह हा वेगळा गुन्हा, त्यावर पुन्हा कधीतरी.)

तेव्हा पुढच्या अंकापासून परीक्षण सदरातले तारे बंद. त्याऐवजी लेखकांनी चार गोष्टी कळवायच्या आहेत: डिस्क कशावरून केली, निदान तसा अंदाज कशावरून बांधला; मोजलेला कालावधी; चित्राचा आकार; आणि कोणत्या पडद्यावर, कोणत्या स्पीकरवर पाहिलं-ऐकलं. टीव्हीतली 'शार्पनेस' आणि 'नॉइज रिडक्शन' बंद करूनच पाहावं, नाहीतर परीक्षण टीव्हीचं होतं. निर्मात्यांकडे स्रोताची चौकशी करणारं पत्र आमच्या कार्यालयातून जाईल. उत्तर आलं नाही, तर तेही परीक्षणासोबत छापू.